काशी : दोन रात्री, तीन दिवस

काशीची छोटी सहल हा मराठी कुटुंबातला सर्वांत लांबणारा उपक्रम आहे. मुक्काम दोन रात्रींचा असतो; तयारी मात्र दोन दिवाळ्या खाते. काशीला जातो असे रोज नुसते म्हणत राहिले तरी पुण्य पदरात पडते, अशी सोय पूर्वजांनी करून ठेवलेली आहे आणि बहुसंख्य कुटुंबे तेवढ्यावरच भागवतात. याच्या एक पाऊल पुढचा प्रकार सोडमुंजीत पाहायला मिळतो. मुलगा काठी-छत्री घेऊन काशीला निघतो, मामा त्याला मांडवाच्या दाराशी गाठतो, आपली मुलगी देण्याचे कबूल करतो आणि यात्रा आटोपते. तिकीट नाही, हॉटेल नाही, प्रतीक्षा यादी नाही. एवढ्या सुरळीत पार पडलेली दुसरी काशीयात्रा कोणाच्या ऐकिवात नाही.

मुळात ही यात्रा छोटी नव्हतीच. प्रयाग, काशी आणि गया अशी तिन्ही स्थळे पायी करायची असल्यामुळे लोक निघण्यापूर्वी घराची निरवानिरव करून निघत. कुठे काय करायचे याची माहितीही तेव्हा कमी नव्हती. मूळच्या पैठणच्या घराण्यातले नारायणभट्ट सोळाव्या शतकात काशीत राहत असत, आणि या तीन क्षेत्रांवर त्यांनी ‘त्रिस्थळीसेतु’ नावाचा ग्रंथच लिहिला. तरीही सर्वांत भरगच्च यात्रा घडली ती काहीही न ठरवता निघालेल्या माणसाला. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवायला. वाटेत बंडात सापडले, झाशीचा वेढा पाहिला, कमावलेले लुटारूंच्या हवाली केले आणि एवढे होऊनही गंगेची कावड खांद्यावर घेऊन दोन-अडीच वर्षांनी घरी परतले. आजच्या कुटुंबाची तेवढ्या काळात तारीख ठरत नाही.

तारखेची बैठक रात्री जेवणानंतर बसते. भिंतीवरचे कालनिर्णय खाली उतरवले जाते आणि एकेक महिना निकालात निघतो. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, पण तेव्हा काशीत पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि घाटाच्या पायऱ्या अनवाणी उतरणे हे प्रायश्चित्तात जमा होते. जुलै-ऑगस्टमध्ये गंगा फुगली की घाट पाण्याखाली जातात, नावा बंद होतात आणि दशाश्वमेधाची आरती वर छतावर करावी लागते. शिवाय उत्तरेकडचा श्रावण महाराष्ट्राच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, हे ऐन वेळेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. आपला अजून आषाढ चालू आहे म्हणून निर्धास्त निघालेला गृहस्थ तिथे श्रावणी सोमवारच्या रांगेत उभा राहतो. मग पितृपक्ष. मग नवरात्र, घरात घट बसलेले असताना बाहेर पडायचे नसते. कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळी असते, त्या रात्री सगळे घाट पणत्यांनी उजळतात आणि खोल्यांची भाडी ऐकून यात्रेकरूंना अंधारी येते. पौषात धुके. जानेवारीत तिकडची गाडी सहा तास उशिरा आली तर लोक एकमेकांना ‘आज लवकर आली’ असे सांगतात. फेब्रुवारी महाशिवरात्रीने जातो, मार्च परीक्षांनी, आणि एप्रिलमध्ये आत्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरलेले असते.

“मग उरला कोणता महिना?”

“अधिक महिना.”

“तो कधी असतो?”

“तीन वर्षांतून एकदा.”

“मग आहे की वेळ,” असे म्हणून कालनिर्णय पुन्हा खिळ्यावर जाते.

कधीतरी, बहुधा शेजारचे जाऊन आल्यामुळे, तारीख ठरते. ठरल्याच्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर गट निघतो. त्यात जाणारी माणसे थोडी आणि सल्ला देणारी फार, असे प्रमाण पडते. सल्लागारांत एक जाणकार काका असतात. ते ऐंशीच्या दशकात कधीतरी काशीला गेलेले असतात आणि त्यानंतर तिथे काहीही बदललेले नाही अशी त्यांची श्रद्धा असते. त्यांचे काशीखंड सुरू झाले की गल्लीबोळांचे वर्णन येते: पितळी भांड्यांच्या दुकानापाशी डावीकडे, मग पेढेवाल्यापाशी उजवीकडे, तिथे एक पांढरा बैल बसलेला असतो, तो ओलांडला की देऊळ. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाच्या नव्या आवाराचे उद्घाटन झाले आणि मंदिरापासून थेट गंगेपर्यंत मोकळी फरसबंदी झाली, हे त्यांना फोटोसकट दाखवले तरी ते डगमगत नाहीत. “बैल असेल ना?” एवढेच विचारतात. बैलाची खात्री कोणीही देऊ शकते, त्यामुळे काकांचा अधिकार अबाधित राहतो.

तिकिटांचा टप्पा त्यानंतर येतो. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. मराठी कुटुंबाला दोन्हींचा उपयोग सारखाच, कारण त्यांचे एकमत प्रवासाच्या आदल्या आठवड्यात होते. तोवर प्रतीक्षा यादीने शंभरी गाठलेली असते. यावर घरातले आजोबा शांतपणे म्हणतात, की ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीत काढा, त्यांचा कोटा वेगळा असतो. भाड्यातली ती सवलत २०२० मध्येच बंद झाली हे त्यांना सांगण्याचे काम मग सर्वांत धाकट्या नातवाकडे दिले जाते, कारण त्याच्यावर ते रागावत नाहीत.

खरी गंमत स्टेशनच्या नावांत आहे. या एका शहराला वाराणसी, वाराणसी सिटी, काशी आणि बनारस अशी स्टेशने आहेत. यांतल्या वाराणसी जंक्शनला गावातले लोक कँट म्हणतात. बनारस हे स्टेशन २०२१ पर्यंत मंडुवाडीह होते. शिवाय पलीकडच्या तीरावर पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे, जे २०१८ पर्यंत मुगलसराय होते आणि रिक्षावाल्यांच्या बोलण्यात अजूनही आहे. कुटुंबाची एक शाखा ‘वाराणसी’ शोधते, दुसरी ‘बनारस’, आणि सरळमार्गी मामा ‘काशी’ असे टाइप करून आपल्याला एकही सोयीची गाडी नाही अशी घोषणा करतात. तिन्ही शाखांना आपापली तिकिटे मिळतात. ती एकाच गावाची आहेत हे पटायला तीन दिवस आणि एक नकाशा लागतो. त्यात कोणीतरी मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी सुटणाऱ्या गाडीचे तिकीट काढलेले असते. अशा गाडीला शनिवारचे तिकीट असले तर शुक्रवारी रात्रीच जेवून निघायचे असते. हे सत्य बरोबर शनिवारी रात्री, फलाटावर, हातात पुऱ्यांचा डबा असताना समजते.

विमानाचा पर्याय मांडणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो.

“मामा, मुंबईहून सव्वादोन तासात पोचतो.”

“विमानानं गेलं की ती यात्रा नसते. सहल असते.”

“मग रेल्वेनं जाऊ.”

“एवढे तास बसून जायचं? माझी कंबर?”

भाचा इथे माघार घेतो. त्याचा हिशेबही तसा अर्धवटच असतो. बाबतपूरचा विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, आणि त्यापुढे गोदौलियाच्या अलीकडे गाडीवाला उतरवून देतो. तिथून दशाश्वमेधापर्यंत चालत पाचदहा मिनिटांची वाट आहे, असे नकाशा म्हणतो. नकाशाने संध्याकाळची गर्दी, समोरून येणारी म्हैस आणि साडीच्या दुकानापाशी थबकलेली वहिनी धरलेली नसते.

मुक्कामाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. धर्मशाळा स्वस्त असते म्हणून आजोबांना हवी असते आणि स्वस्त असते म्हणूनच सुनेला नको असते. शेवटी घाटाजवळचे, ‘गंगादर्शन’ असे ठसठशीत लिहिलेले हॉटेल ठरते. दर्शन होते, त्यासाठी गच्चीवर जाऊन टाकीच्या शिडीची तिसरी पायरी चढावी लागते.

नियोजनाचा गाभा म्हणजे कार्यक्रमपत्रिका. तिचा जन्म “आलोच आहोत तर” या तीन शब्दांतून होतो. दिवस जितके कमी, तितकी ही पत्रिका फुगते. प्रथम फक्त विश्वनाथ, अन्नपूर्णा आणि कालभैरव असतात. कालभैरव काशीचे कोतवाल, त्यांची परवानगी घेतल्याशिवाय काशीत राहता येत नाही, म्हणून ते आधी. की निरोप घ्यायचा म्हणून शेवटी? या प्रश्नावर दोन आत्या आठवडाभर बोलत नाहीत, आणि तोडगा म्हणून कालभैरव दोनदा घातले जातात. मग विशालाक्षी, दुर्गाकुंड, संकटमोचन. आलोच आहोत तर सारनाथ, दहा किलोमीटर तर आहे. आलोच आहोत तर प्रयागराज. प्रयाग झाले तर गया का नको, आणि गयेला गेलेच तर बोधगया रस्त्यातच. कोणी पंचक्रोशीचे नाव काढते. ही प्रदक्षिणा सुमारे ८० किलोमीटरची असून रीतीप्रमाणे पाच दिवसांत पायी करतात. “आपण दुसऱ्या दिवशी दुपारी करू,” असे ठरते.

इतिहासाची आवड असलेल्या भाऊजींचा ‘मराठ्यांची काशी’ हा अर्धा दिवस वेगळाच. विश्वनाथाचे आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधले, शिंद्यांचा घाट आहे, भोसल्यांचा घाट आहे, अस्सीजवळ भदैनीत झाशीच्या राणीचे जन्मस्थान आहे. हे सगळे ऐकून घरातल्या काकूंना एकच शंका येते.

“एवढं सगळं आपल्या लोकांनी केलंय, तर रांग वेगळी असेल ना आपल्याला?”

रांग एकच असते. पण या शंकेनंतर भाऊजींच्या अर्ध्या दिवसाला घरातून पूर्ण पाठिंबा मिळतो.

ही पत्रिका हल्ली एक्सेलमध्ये करतात. तिच्यातल्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळच्या ओळी अशा असतात: ४.१५ उठणे. ४.१५ ते ४.४० सर्वांच्या आंघोळी (एक न्हाणीघर, माणसे नऊ). ५.०० अस्सी घाट, ‘सुबह-ए-बनारस’. ५.४० नावेतून सर्व ८४ घाट. ६.२० गंगास्नान. ६.३० केस वाळवणे. ६.३५ कचोरी-जिलबी. ६.४५ विश्वनाथ. पुढे पाहत गेले तर अगदी तळाशी, फिकट रंगात, एक ओळ सापडते: ‘घाटावर शांत बसणे, १५ मिनिटे, वेळ उरल्यास’. ही ओळ सहसा घरातल्या एखाद्या अबोल माणसाने घातलेली असते. छापील प्रतीत ती पुढच्या पानावर जाते आणि पुढचे पान छापायचे राहते.

छापील प्रत का लागते, तर विश्वनाथाच्या मंदिरात मोबाईल नेता येत नाही. तो बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि त्याबरोबर तिकिटे, नकाशा, कार्यक्रमपत्रिका व एकमेकांचे नंबर असे सगळेच लॉकरमध्ये जाते. हरवल्यास कुठे भेटायचे याचा ठराव म्हणून घरूनच करून ठेवतात. “जिथं मोबाईल ठेवले त्या फुलवाल्यापाशी,” असा तो ठराव असतो. मंदिराच्या वाटेवर प्रत्येक दुकानदार फुले विकतो आणि प्रत्येकाकडे लॉकर असतो. जाऊन आलेल्यांपैकी एका कुटुंबात तिघेजण तीन वेगवेगळ्या फुलवाल्यांपाशी, ठरावाचे तंतोतंत पालन करत, तासभर उभे होते असे सांगतात.

काशीत काहीतरी सोडून यायचे असते. आवडीचे फळ किंवा भाजी एकदा सोडली की जन्मभर खायची नाही, अशी रीत. आवडीचे, हा त्यातला अडचणीचा भाग. या विषयावरची बैठक सर्वांत रंगते.

“मी कारलं सोडणार,” काका जाहीर करतात.

“तुम्ही कारलं धरलं होतंत कधी?” काकू आतून विचारतात.

मग पडवळ येते, दुधी येतो. धाकटी जाऊ ड्रॅगनफ्रूट सोडायची तयारी दाखवते. इंजिनिअर मुलगा विचारतो की एखादी वस्तू ठराविक ब्रँडपुरती सोडता येते का. एका भाऊजींना राग सोडायचा असतो. आगाऊ सराव म्हणून ते लगेच सुरुवात करतात आणि टॅक्सीवाल्याशी भाड्याची बोलणी होईपर्यंत तो टिकवतात. आंब्याचे नाव निघाले की खोलीत शांतता पसरते आणि कोणीतरी पंखा वाढवते. घरात एक आजी असतात, त्यांनी फार पूर्वी काशीत खरोखरीच आंबा सोडलेला असतो. त्या या चर्चेत भाग घेत नाहीत. दर मे महिन्यात सगळ्यांना रस वाढतात, वाटी पुढे करून “आणखी घे” म्हणतात, आणि स्वतः ताक पितात.

सामानाचे दोन भाग पडतात: न्यायचे आणि आणायचे. काशी ही खाण्याची नगरी आहे हे सर्वांना ठाऊक असते. सकाळची कचोरी, टमाटर चाट, ठंडाई, पान, आणि फक्त थंडीतच मिळणारा, चमचा लावताच विरणारा मलइयो यांची यादी भाचीने रंगीत पेनाने केलेली असते. तरीही बॅगेत तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चहाची पूड आणि विजेची किटली भरली जाते, कारण बाहेरचे पाणी बाधते. गंगेचे पाणी यात मोडत नाही. ते तीर्थ आहे. त्यात बुडी मारून एक ओंजळ प्यायली की मग हॉटेलात तोंड धुवायलासुद्धा बाटलीतले पाणी घेतात.

आणायच्या यादीत बनारसी साड्या ‘फक्त बघण्यासाठी’ आणि गंगाजल इमारतीतल्या सर्व मजल्यांसाठी असते. पूर्वी हे पाणी झाकणाला डाग देऊन बंद केलेल्या तांब्याच्या गडूतून येई आणि देवघरात पिढ्यान् पिढ्या तसेच राही. घरात कोणाचा शेवटचा क्षण आला तरच गडू फोडत. आता पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन सांगतात. तो विमानात चालतो का, रेल्वेत सांडतो का, नऊ घरांत वाटला तर वाट्याला किती येतो, याची गणिते होतात. एखादा व्यवहारी माणूस सुचवतो की टपाल खाते २०१६ पासून ऋषिकेश आणि गंगोत्रीचे पाणी बाटल्यांतून विकते, इथेच घेऊन वाटू. त्याला गटातून काढून टाकण्यात येते. मग ऐन वेळी गुरुजी आणखी एक मत सांगतात: काशीचे गंगाजल घरी आणू नये. तिथल्या पाण्यातल्या जीवजंतूंनाही मोक्ष मिळायचा असतो, त्यांना बाहेर नेले तर तो अडतो आणि पाप नेणाऱ्याला लागते. आणायचे तर प्रयागचे किंवा हरिद्वारचे आणावे. नऊ घरांना शब्द दिलेला असतो.

“मग असं करा,” वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, “नुसते गडू आणा. पाण्याचं नंतर बघू.”

आता राहिले मावंदे. यात्रेहून परतल्यावर गंगापूजन करून लोकांना जेवू घातल्याशिवाय काशी पूर्ण होत नाही. परतल्यावर हॉल मिळत नाहीत, म्हणून मावंद्याची तारीख निघण्याच्या बरीच आधी धरून ठेवतात. आमंत्रणे जातात. ऐंशी पाने ठरतात, पुरणपोळी की जिलबी यावर मतदान होते, दोन्ही ठेवतात, आणि केटररला अ‍ॅडव्हान्स देतात. निघण्याच्या आदल्या दिवशी चार तिकिटे अजून प्रतीक्षा यादीत असतात. सकाळी दहाला एसीचे आणि अकराला स्लीपरचे तत्काळ आरक्षण उघडते. बोटे तयार ठेवूनही सहाव्या मिनिटाला दोन्ही संपलेले असते. पुढच्या वर्षी जाऊ, असे कोणीतरी हळूच म्हणते आणि सगळ्यांना ते मनातून पटते. प्रतीक्षा यादीचे तिकीट पक्के झाले नाही तर रेल्वे थोडे पैसे कापून बाकीचे परत देते.

केटररला फोन लागतो. तो सगळे शांतपणे ऐकून घेतो, काशीला जायचे राहिले याबद्दल हळहळतो, आणि पुरण शिजवायला किती लोक लागतात ते सांगतो. अ‍ॅडव्हान्स परत मिळत नाही. रात्री साडेअकरा वाजता, मामांच्या कंबरेसकट सर्वांच्या संमतीने, दुप्पट भावात विमानाची तिकिटे निघतात.